कच्च्या सुतावरचं शिसं

सुदाम, तुझी दोरी माझ्या खोलीसमोरच्या पॅसेजमध्ये वाळत घातली आहे. तंगूस आहे, सुती नाही. नायलॉनला वाळवायची काही गरज नसते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी घातली. आधी गोड्या पाण्यातून काढली, मीठ धुतलं, मग जिन्याच्या कठड्यापासून टोकाच्या खिडकीपर्यंत ताणून बांधली, तू तुझ्या दोऱ्या बांधायचास तशी. येणारेजाणारे वाकून खालून जातात. शेजारच्या म्हातारीनं तेवढं विचारलं, "बाळ्या, आम्ही कपडे कुठं घालायचे रे?" मी म्हटलं, "सुदाम सोडवेल तेव्हा बघू." तोंडातून निघून गेलं. म्हातारी ओले कपडे घेऊन आत गेली.

मागल्या रविवारी सकाळी ओहोटी बघून तू वरळीच्या खडकांवर गेलास, एकटाच. मी तेव्हा चाळीत पताका लावत होतो. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे आता नक्की झालंय ना, सगळी चाळ कामाला लागली होती. दुपारी कोळीवाड्यातले दोघे तुला होडीत घालून घेऊन आले. तुझ्या उजव्या पंजाला दोरीचे वेढे होते. पंचनामा झाल्यावर हवालदारानं ती दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही घेऊन जा, आम्हाला काय करायची." मी ती खिशात घालून तुझ्याबरोबर चालत घरी आलो.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझा फोटो ठेवला होता, तो मिलच्या पासावरून मोठा करून घेतलेला. त्यात तू असा काही बघतोस की जणू साच्यावर कुणीतरी धागा तोडून ठेवलाय. भन्ते चांगलं बोलले. मग चाळीच्या समितीचा सेक्रेटरी उभा राहिला. त्याचं बोलणं तुला सांगतो, तू चिडशील, चीड. तो म्हणाला, "मधू गेला त्या दिवशीच सुदामदादा मनानं गेले होते. आता पोराच्या पाठोपाठ गेले. चळवळीला या घरानं दोन माणसं दिली." लोकांनी माना हलवल्या. नाक्यावरच्या पाटीवर मधूच्या नावाखाली तुझंही नाव लिहायचं ठरतंय.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. रडली नाही, भांडली नाही. पांगापांग झाल्यावर तिनं मला दारात थांबवलं. "भावजी, सगळे म्हणतात हे पोरामागं गेले. असतीलही. पण मागं मी होते ना? मी ह्यांना कुणीच नव्हते?"

म्हटलं, "वहिनी, असं काही नाही हो." असं बोलणं काय कामाचं. रविवारपासून ती चहावर आहे. शेजारणी ताट वाढून ठेवतात आणि तसंच उचलून नेतात.

तेव्हापासून मी तुझ्याशी बोलतोय. कामावरही. परवा साच्यापाशी उभा होतो आणि बोटाला ओढ लागली, खरोखरची ओढ, खाली मासा आमिष चाखतोय तशी. हात आपोआप वर गेला. पलीकडचा साचेवाला म्हणाला, "काय रे, कुणाला सलाम करतोस?" मी त्याला शिवी दिली. त्याचा काय दोष म्हणा.

आपली ओळखच सुतावरची. तुझी चाळ निराळी, माझी निराळी, पण साचेखात्यात शेजारी साचे. मी मालवणचा, लहानपणापासून गरी टाकत आलेला; तू खाडीकाठच्या गावचा. पहिल्याच रविवारी कळलं की दोघांनाही एकच रोग आहे. वाया गेलेल्या सुताचे पदर एकावर एक वळून तू दोरी करायचास आणि ऐनाची साल उकळून त्या लाल पाण्यात ती मुरवायचास, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाही. त्या सालीच्या वासानं खोलीत बसवायचं नाही. वहिनी ओरडायची, "चुलीवर कालवण ठेवू का ह्यांची दोरी शिजवू?" तू गप्प ढवळत बसायचास.

आणि तुझे ते नियम! लग्नाच्या याद्या कराव्यात तशी तू दोरी, गळ आणि शिसं यांची सोयरीक जुळवायचास. चौपाटीच्या वाळूत मुडदुशी, तिचं तोंड एवढंसं, तिला बारीक दोरी, बारीक गळ आणि हरभऱ्याएवढं शिसं. बोय पकडायची तर तळाशी जायचंच नाही, कणकेची गोळी आणि वर बुचाचा तुकडा तरंगता. माहीमच्या खाडीत गढूळ पाणी, तिथं शिंगाळा दोरी बघत नाही, वासावर येतो, मग जाड दोरी चालते, पण धार ओढते म्हणून शिसं जड हवं. मी एकदा मुडदुशीला खाडीतला गळ लावला, तर तू म्हणालास, "बाळ्या, लहान पोराला मापटभर भाताचा घास भरवतोस काय?" सकाळभर मला चिडवलंस. पण त्या दिवशीची मुडदुशी तूच माझ्या आईला नेऊन दिलीस. आईनं आधी दारातूनच बघितलं, कारण तुझं घर कुठल्या वस्तीतलं ते तिला ठाऊक होतं. मग म्हणाली, "माशाक खंयची जात, दी हंय." त्यानंतर तू रिकाम्या हातानं आलास की ती रुसायची.

वरळीच्या खडकांचा नियम सगळ्यांत कडक. तिथं बिळात गोबरा राहतो. गळ गिळला की तो उलटा बिळाकडे धावतो. एकदा आत शिरून कल्ले फुगवले की मग बाप आला तरी निघत नाही. म्हणून दोरी जाड, गळ मोठा, आणि लागला रे लागला की सैल सोडायचं नाही. हाताला वेढे घ्यायचे आणि खेचायचं. आणि शिसं? ते कधी दोरीला थेट बांधायचं नाही. वेगळ्या कच्च्या सुतानं बांधायचं, जोरात ओढलं तर तुटेल अशा.

मधू तेव्हा शाळेत होता, आपल्या मागे लागून खडकावर आला होता. त्यानं विचारलं, "बाबा, सगळं मजबूत आणि शिसंच का कच्चं?" तू म्हणालास, "खडक मागणारच. कपारीत शिसं अडकणारच. मग त्याला शिसं देऊन टाकायचं आणि दोरी, गळ, मासा घरी आणायचा. घरी यायचंय ना आपल्याला?" मधूला ते इतकं आवडलं की आठवडाभर चाळीत कुणी काही मागितलं की म्हणायचा, खडक मागणारच.

मग बाजारात नायलॉन आलं. मी घेतलं. तू माझी दोरी बोटांत धरून वाकडं तोंड केलंस. "काचेची आहे. मुकी आहे ही. माझं सूत बोलतं, खाली मासा काय करतोय ते सांगतं." मी म्हटलं, "माशाला ही दिसत नाही." तू म्हणालास, "मलाही दिसत नाही, मग माझा काय फायदा?" किती रविवार भांडलो आपण यावर. मी सांगत होतो की हिची गाठही निराळी, विणकराची गाठ हिच्यावर घसरते, आणि सुताला घेतोस तसे वेढे हिला हाताभोवती घेऊ नकोस. सुती दोरी जिवावर आली की तुटते, माणूस राहतो. ही तुटत नाही. तू म्हणायचास, "मी हात लावीन तर ना!" गिरणीतला माणूस सूत सोडून कारखान्यातलं नायलॉन धरतो याची तुला मनापासून लाज वाटायची. मधू मात्र माझ्या बाजूचा होता. तो मला डोळा घालायचा.

त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. गोळीबार चालू होते ते दिवस. मधूला नुकतीच नोकरी लागली होती. तुला सांगितलं की मित्राकडे जातो, आणि गेला गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या दुकानातून तुझ्यासाठी तंगूस आणायला. जाड, गोबऱ्याचा. तुझी गंमत करायची होती त्याला. परतताना रस्त्यात गर्दीत सापडला. इस्पितळातून त्याचा शर्ट मिळाला, तेव्हा खिशात तपकिरी कागदातलं ते गुंडाळं होतं. कागदावरही डाग होता.

चाळ पेटून उठली होती. आम्ही नाक्यावर पाटी लावली आणि मधूचं नाव लिहिलं. तू आलास, पाटी वाचलीस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "पुसा ते. माझा पोर दोरी आणायला गेला होता. एवढंच लिहायचं असेल तर लिहा." मी म्हटलं, "गोळी विचारते का कोण कशाला आलाय? तो या शहरासाठीच गेला." तू म्हणालास, "तो माझ्यासाठी गेला, बाळ्या." आणि निघून गेलास. पाटी राहिली. तू तो नाका टाळून लांबच्या रस्त्यानं कामावर यायला लागलास. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. आणि तुझं ते वाक्य मला अजूनही झोपू देत नाही.

त्यानंतर तू खडकावर यायचं सोडलंस. पुढं तू दीक्षा घेतलीस, पांढरे कपडे घालून आलास, काय शांत दिसत होतास त्या दिवशी. लोकांना वाटलं, पंचशील घेतलं, आता हा जीव मारणार नाही म्हणून गळ सुटला. तू वाटू दिलंस. मला ठाऊक होतं की दीक्षेच्या आधीच सुटला होता. आणि वर्षभरानं तू आपणहून आलास, जुनी सुती दोरी घेऊन, मुडदुशीपुरती. मी मुद्दाम टोचलं, "काय रे, पंचशीलाचं काय?" तू म्हणालास, "तुझ्या वहिनीच्या तोंडाला काही चव उरलीय का? दोन मासे नेतो, बाकीचे सोडतो. तू तुझं बघ." गोबऱ्याच्या कपारीकडे मात्र फिरकला नाहीस. ते गुंडाळं फळीवर मधूच्या पुस्तकांमागे होतं. वहिनी फळी पुसायची, गुंडाळं उचलायची आणि परत ठेवायची.

आणि मागल्या रविवारी तू नेमकं तेच घेऊन गेलास. का रे?

हाच तर सगळ्यांचा पुरावा. सेक्रेटरी म्हणतो, "पोराची दोरी हाताला गुंडाळून गेला, अजून काय पाहिजे?" खरं सांगू, पहिले दोन दिवस मलाही घाबरायला झालं. पताका लागत होत्या, पेढे वाटायची तयारी चालली होती, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, मिळवली की नाही मुंबई! आणि तू फळीवरून ते काढलंस. मी घाबरणार नाही तर काय.

सोमवारी ओहोटीला मी त्या खडकावर गेलो. तू बसायचास तो खळगा तसाच आहे. मी त्यात बसलो नाही, बाजूला उभा राहिलो. डबक्यात तुझं गोणपाट भिजत पडलं होतं, मासा ताजा राहावा म्हणून तू आधीच भिजत टाकायचास ते. ते पिळून घरी आणलं आणि वहिनीला दाखवलं. म्हटलं, "बघा, मासा घरी न्यायचा होता त्याला." ती म्हणाली, "सवय असते हो, भावजी. हात आपले करत राहतात." मी गळही दाखवला. एवढा जाड गळ उघडून सरळ झाला होता, म्हणजे गोबराच लागला होता, तोही मोठा. शेवाळावर पाय, हाताला वेढे, आणि दोरी तुटत नाही. इतकं सोपं होतं ते. तिनं गळ हातात घेतला, परत दिला. "मासा लागला असेल. पण हे गेले कशाला ही दोरी घेऊन?" मी गळ परत खिशात ठेवला.

काल सगळे गेल्यावर मी ती दोरी पहिल्यांदा नीट बघितली. तोवर नुसती खिशात घेऊन फिरत होतो, जपमाळेसारखी. बादलीत घातली आणि बोटांनी मीठ सोडवत शेवटापर्यंत गेलो. गळाची गाठ हाताला लागली. विणकराची नव्हती. नायलॉनची होती, माझी, फिरवून फिरवून आत ओढलेली. मेल्या, म्हणजे तू बघत होतास! इतकी वर्षं नाक मुरडत माझ्याकडे बघून शिकून घेतलीस आणि बोलला नाहीस. मी बादलीपाशी बसून हसलो, आणि मग मला रडू फुटलं. छप्पन वेळा सांगितलं होतं, वेढे घेऊ नकोस. गाठ शिकलास, तेवढं का नाही शिकलास? हात सुताचेच राहिले तुझे.

गाठीच्या थोडं वर काहीतरी मऊ लागलं. शिसं नव्हतं, ते गेलं होतं. त्याच्या जागी बोटभर दोऱ्याचं टोक लोंबत होतं. लाल. बारीक. कच्चं. ओढून बघितलं असतं तर तुटलं असतं, म्हणून ओढलं नाही.

मी तसाच उठलो, ओली दोरी घेऊन तुझ्या चाळीत गेलो. वहिनी तिथंच होती, भिंतीला टेकून. तिच्यासमोर दोरी धरली. ती म्हणाली, "पुन्हा काय आणलं, भावजी?" मी म्हटलं, "काही बोलणार नाही. नुसतं बघा."

तिनं ते टोक चिमटीत धरलं, उजेडाकडे नेलं.

"हा माझा दोरा," ती म्हणाली. "गोधडीचा. कच्चे टाके घालायचा." आणि मग तिला सगळं एकदम आठवलं असावं, ती बोलतच सुटली. "रविवारी सकाळी मी गोधडी टाचत बसले होते. हे म्हणाले, जरा दोरा दे. मी म्हटलं, खात्यातलं सूत संपलं का तुमचं, माझं रीळ संपत आलंय. तर म्हणाले, वीतभर दे गं, संध्याकाळी नवं रीळ आणून देतो. मी दातानं तोडून दिला. मला वाटलं, सदऱ्याचं बटण असेल. मी विचारलंच नाही कशाला ते."

"शिशाला," मी म्हटलं.

"मला सांगता? इतकी वर्षं बघतेय मी." तिनं मला झापलं, सुदाम. इतक्या दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. मग ती दोरा धरून हळू म्हणाली, "शिसं खडकाला द्यायचं होतं ह्यांना. बाकी सगळं घरी आणायचं होतं." आणि तिथंच, भिंतीशी, तोंडात पदर धरून जी रडली, जी रडली! शेजारणी धावत आल्या. मी त्यांना दारातच थांबवलं. रडू दे म्हटलं, अडवू नका.

तू ती दोरी का घेतलीस हे मला अजून माहीत नाही. मधूनं तुझ्यासाठी आणलेली गोष्ट एकदा तरी वापरावी असं वाटलं असेल. सगळी चाळ काहीतरी मिळाल्याच्या आनंदात होती, तुलाही त्याच्याकडचं जे मिळालं होतं ते हातात घ्यावंसं वाटलं असेल. हे माझे तर्क. तू असतास तर म्हणाला असतास, बाळ्या, जास्त शहाणपणा करू नकोस. पण ज्याला परत यायचं नसतं, तो बायकोकडून कच्चा दोरा मागून घेत नाही, एवढं मला कळतं, आणि तिलाही कळलं.

आज सकाळी गेलो तर वहिनी चुलीपाशी होती. भाकरी थापत होती. मला म्हणाली, "बसा, सुकटीची चटणी आहे." ती स्वतःही जेवली, माझ्यासमोर. गोधडी पुन्हा काढून ठेवली होती. दोरी मागितली तिनं, म्हणाली, वाळली की फळीवर ठेवायची आहे, होती तिथं. लाल टोक सोडवू नका म्हणाली.

तिथून मी नाक्यावर गेलो. सेक्रेटरी ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन स्टुलावर उभा होता. मधूच्या नावाखाली त्यानं रेघ आखून ठेवली होती. मधूच्या नावावरून आपलं भांडण आहे ते आहे, मी तसूभर हलणार नाही, वर भेटलास तरी भांडेन. पण ती खालची रेघ मी ओल्या फडक्यानं पुसली. तो म्हणाला, "अरे, काय करतोस? मग सुदामदादांचं काय लिहायचं?"

मी म्हटलं, "सुदाम मासा आणायला गेला होता. संध्याकाळी घरी येणार होता."